तयार शर्टावर छापायचं की ताग्यावर? छपाईयंत्र घेण्याआधी

डिजिटल कापडछपाईचं एक यंत्र टेबलावर मावतं, दुसऱ्याला अख्खा हॉल लागतो. त्यामुळे बरेच जण दोघांकडे 'लहान' आणि 'मोठं' म्हणून पाहतात. आधी लहान घेऊ, काम वाढलं की मोठं घेऊ, असा हिशेब मांडतात. तो हिशेब बहुतेक वेळा फसतो, कारण या दोन यंत्रांची शाई वेगळी, छपाईआधीची तयारी वेगळी आणि छपाईनंतरचं कामही वेगळं. डीटीजी, म्हणजे तयार कपड्यावर थेट छापणारं यंत्र, शिवण झाल्यावर कामाला येतं. ताग्यावर छापणारं औद्योगिक यंत्र शिवणीच्या आधी, अगदी कटिंगच्याही आधी. तेव्हा ताशी किती छापतं हे नंतर विचारा. तुमच्या मालात छपाई शिवणीच्या अलीकडे बसते की पलीकडे, हे आधी ठरवा.

डीटीजीत कपडा तयार असतो. माप ठरलेलं असतं, पायाचा रंगही ठरलेला असतो. यंत्राला फक्त छातीवर किंवा पाठीवर एक चित्र उमटवायचं असतं. शर्ट प्लॅटनवर, म्हणजे एका सपाट पाटावर, चढवला जातो आणि छपाईची जागा साधारण ३५ बाय ४० सेंटिमीटर मिळते. प्रिंटहेड, म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग, कापडापासून दोन-तीन मिलिमीटरवरून धावतं. त्यामुळे जाड शिवण, चेन, बटणपट्टी, खिशाची कड यांतलं काहीही त्या जागेत आलं की अडचण होते. बाजूच्या शिवणीवरून मागे वळत जाणारं चित्र डीटीजीवर नीट निघत नाही. कितीही महाग यंत्र घेतलं तरी निघत नाही.

ताग्याच्या यंत्रावर याच्या उलट असतं. पांढरं, धुऊन तयार केलेलं कापड एका बाजूने सुटतं, चिकट पट्ट्यावर बसून हेडखालून पुढे सरकतं, सुकतं आणि दुसऱ्या बाजूला गुंडाळलं जातं. रुंदी सहसा १६० ते १८० सेंटिमीटर, घरसजावटीच्या कापडासाठी ३२० पर्यंत. फूल, पान, जमीन (म्हणजे मागची पार्श्वभूमी) सगळं यंत्रच छापतं. काळ्या जमिनीवर लाल फुलं हवी असतील तर काळा रंगही शाईतूनच येतो, काळ्या कापडावर कोणी छापत नाही. सगळ्या हिशेबाची गाठ इथे आहे.

पांढऱ्या शाईचा खर्च आणि त्रास

काळ्या टी-शर्टवर रंगीत चित्र छापायचं तर खाली आधी पांढरा थर लागतो. रंगीत शाया पारदर्शक असतात, काळ्यावर पडल्या की दिसतच नाहीत. पांढऱ्या शाईतला रंगकण म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची घनता पाण्याच्या चौपटीहून किंचित जास्त, म्हणजे ही शाई स्थिर राहिली की कण खाली बसणारच. म्हणून चांगल्या यंत्रांत पांढरी शाई नळ्यांमधून सतत फिरती ठेवतात आणि तरीही रोज सकाळी बाटली किंवा कार्ट्रिज हलवावी लागते. यंत्र चार दिवस बंद ठेवलं तर काळ्या-निळ्या शाया पुन्हा सुरू होतात, पांढऱ्याच्या नळीत मात्र गाळ बसलेला असतो. यंत्र रिकामं उभं असतानाही रोजच्या सफाईत शाई जातेच. आठवड्याला दहा शर्ट छापणाऱ्याची प्रति शर्ट शाई रोज शंभर छापणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पडते ती यामुळेच. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात 'एका शर्टाला इतके मिलिलिटर' असं लिहिलेलं असतं, त्यात सफाईची शाई धरलेली नसते.

पांढरा थर कापडाच्या वर टिकावा म्हणून छपाईआधी द्रावण फवारतात, त्याला प्रीट्रीटमेंट म्हणतात. त्यात बहुधा कॅल्शियमचा क्षार आणि बांधून ठेवणारं पॉलिमर असतं. क्षाराला शाई लागली की तिच्यातले कण तिथल्या तिथे गोठतात, धाग्यात मुरत नाहीत. प्रमाण चुकलं की पुढचं सगळं चुकतं. ३५ बाय ४० च्या जागेला साधारण १८ ते २५ ग्रॅम लागतात. कापड जाड असेल तर थोडं जास्त. अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. शर्ट फवारणीआधी आणि फवारणीनंतर काट्यावर ठेवावा, फरक म्हणजेच प्रमाण. कमी पडलं तर पांढरा राखाडी दिसतो आणि तंतू वर डोकावतात. जास्त झालं तर चौकोनी डाग उरतो, छपाई कडक होते आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात तडकते.

फवारल्यावर हीट प्रेसखाली १६० अंशांच्या आसपास तीस-चाळीस सेकंद, वाफ निघायची थांबेपर्यंत. या दाबाने उभे तंतू झोपतात हा दुसरा फायदा. सुती होजिअरीचे केस उभे राहिले तर ते पांढऱ्या थरातून बाहेर येतात आणि छपाई खरखरीत दिसते. नंतर छपाई आणि मग पक्की करण्यासाठी पुन्हा उष्णता. पांढरी शाई असेल तर प्रेसवर दीड-दोन मिनिटं, पट्ट्यावरच्या ड्रायरमधून तीन ते पाच. नेमका आकडा शाईच्या उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावा. उष्णता मात्र शाईच्या थराच्या तळापर्यंत पोचायला हवी. प्रेसचा काटा १६० दाखवतो म्हणजे कापडही १६० वर आहे असं नसतं. धुतल्यावर पापुद्रे निघाल्याची तक्रार आली की लोक शाईला दोष देतात, तपासलं तर पुष्कळदा उष्णता किंवा वेळ कमी पडलेला असतो.

रंगवलेलं पॉलिएस्टर हा डीटीजीचा आणखी एक शत्रू. त्यातला डिस्पर्स रंग, म्हणजे पॉलिएस्टरला लावतात त्या जातीचा रंग, उष्णतेने वायू होऊन वर चढतो. लाल जर्सीवर पांढरे आकडे छापले, प्रेसमधून काढले तेव्हा पांढरेशुभ्र होते, दुसऱ्या दिवशी गुलाबी. यावर कमी तापमानात पक्क्या होणाऱ्या शाया आणि वेगळी द्रावणं आहेत. तरी नेहमीचं काम पॉलिएस्टरचं असेल तर साध्या डीटीजीच्या वाटेला जाऊ नये.

आता ताग्याचं यंत्र बघा. तिथे पाया पांढरा असतो, म्हणून पांढऱ्या शाईची गरजच बहुधा पडत नाही. डीटीजीतला सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात त्रासदायक भाग तिथे नाहीच. त्याची भरपाई दुसरीकडे करावी लागते.

ताग्यावर: आधी धागा, मग शाई

डीटीजीची शाई एकाच जातीची, पाण्यातली पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची. ताग्याच्या यंत्रात शाई धाग्यावरून निवडावी लागते. सूत, व्हिस्कोस, लिनन यांना धाग्याशी रासायनिक बंध जोडणारी रिअ‍ॅक्टिव्ह. रेशीम, लोकर, नायलॉन यांना ॲसिड, पैकी रेशमाला रिअ‍ॅक्टिव्हही चालते. पॉलिएस्टरला डिस्पर्स. पिगमेंट जवळपास सगळ्यांना चालते, पण सगळ्यांवर सारखी शोभत नाही. एका यंत्रात आज रिअ‍ॅक्टिव्ह, उद्या डिस्पर्स असं करता येत नाही. शाई बदलायची तर नळ्या, फिल्टर, हेड सगळं धुवावं लागतं, जुनी शाई वाया जाते आणि थोडी उरली तर नव्या शाईत गोळे होतात. म्हणजे यंत्र घेताना तुम्ही कोणत्या धाग्याचा धंदा करणार हेही ठरून जातं. शाया वेगवेगळ्या मार्गांवर भरता येतील असं विक्रेता सांगेल. तसं केलं की प्रत्येक शाईच्या वाट्याला हेड कमी येतात आणि वेग त्याच प्रमाणात पडतो.

सुतावरची रिअ‍ॅक्टिव्ह छपाई हे या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात लांबलचक काम. तिची साखळी समजली की छपाईयंत्र हा केवळ एक दुवा आहे हे कळतं.

कापड आधी खळ काढलेलं, उकळलेलं, ब्लीच केलेलं हवं. पाण्याचा थेंब टाकून बघावा. दोन-तीन सेकंदांत जिरला पाहिजे, आणि काठाजवळ, मध्यावर, ताग्याच्या दोन्ही टोकांना सारखाच जिरला पाहिजे. एका काठाला उशिरा जिरत असेल तर त्या काठाला रंग फिका येणार. हा दोष छापणाऱ्याच्या माथी येतो, पण तो जन्मतो धुलाईत.

पुढे कापड एका द्रावणातून पिळून काढतात. त्यात सोडियम अल्जिनेट, युरिया, खाण्याचा सोडा आणि रंगाचं क्षपण थांबवणारा एक सौम्य क्षार असतो. सुतासाठी युरिया लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास, व्हिस्कोससाठी त्याहून जास्त. सोडा २० ते ४० ग्रॅम. अल्जिनेट थेंबाला पसरू देत नाही. तोच घट्टपणा दुसऱ्या स्वस्त डिंकाने आणायला गेलात तर रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापडाऐवजी डिंकाशीच जोडला जाऊ शकतो, मग धुताना डिंकाबरोबर रंगही जातो आणि कापड कडक राहतं. युरिया वाफेत ओलावा धरून ठेवतो, रंगाला विरघळायला जागा देतो. सोड्यामुळे रंग आणि सूत यांचा रासायनिक बंध जुळतो. ही रसायनं शाईतच का घालत नाहीत? कारण शाईला केसाहून बारीक छिद्रातून जायचं असतं, तिथे घट्ट काही चालत नाही. शिवाय सोडा शाईत असता तर रंग बाटलीतच पाण्याशी जुळून निकामी झाला असता.

छापल्यावर वाफ. संपृक्त वाफ, १०२ अंश, आठ ते दहा मिनिटं. वाफ कोरडी असेल तर रंग फिका राहतो, छतावरून थेंब पडले तर डाग. छापलेलं कापड वाफेसाठी फार थांबवू नये, पावसाळी हवेत तर नाहीच, कारण युरिया हवेतला ओलावा ओढतो आणि रेषांच्या कडा फुटतात. आणि वाफेआधी रंगाची पारख करू नका. यंत्रातून निघालेलं रिअ‍ॅक्टिव्ह कापड मळकट दिसतं, खरा रंग वाफ आणि धुलाईनंतरच खुलतो. यंत्राजवळ उभं राहून रंग 'पास' करणं म्हणजे म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर.

शेवटी धुलाई, आणि तिचा क्रम मोडायचा नाही. आधी गार पाणी, त्याने सोडा आणि युरिया निघून जातात. मग गरम, मग ९५ अंशांच्या आसपास साबण. सरळ गरम पाण्यात घातलं तर न जुळलेला रंग सोड्याच्या मदतीने पांढऱ्या जागेवर जाऊन बसतो आणि जमीन कायमची मळते. या पाण्यात रंग, क्षार आणि युरियाचा नायट्रोजन असतो, ते प्रक्रिया केल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. तेव्हा यंत्राच्या किमतीबरोबर पॅडिंग (द्रावणातून पिळून काढणं), स्टेंटर (कापड ताणून सुकवणारं यंत्र), स्टीमर, धुलाईची ओळ, बॉयलर, सांडपाण्याची व्यवस्था हे सगळं धरावं लागतं. स्वतःचं नसेल तर या टप्प्यांचं जॉबवर्क करणारं प्रोसेस हाऊस हाताशी हवं. नसेल तर रिअ‍ॅक्टिव्हचा विचार इथेच सोडून द्यावा.

रेशमावरच्या ॲसिड शायांची साखळी अशीच, फक्त वाफ अर्धा तास किंवा त्याहून जास्त आणि रसायनं आम्लाच्या बाजूची.

पाण्याचा हा पसारा नको असलेल्यांसाठी दोन वाटा आहेत. एक पिगमेंट: छापा, सुकवा, १५०-१६० अंशांवर तीन-चार मिनिटं कोरडी उष्णता द्या, झालं. धुणं नाही. मात्र रंगकण धाग्यात शिरत नाहीत, बाइंडरच्या पातळ पडद्याने वर चिकटून राहतात. म्हणून ओल्या घासण्याला हा रंग कच्चा पडतो, गडद जमिनीत कापड थोडं ताठ लागतं आणि काळा तितका खोल येत नाही. पडदे, उशांचे अभ्रे, फिक्या जमिनीचे शर्ट यांना पिगमेंट उत्तम. गडद, अंगाला घासणाऱ्या कपड्यांना जपून. दुसरी वाट पॉलिएस्टरची, सब्लिमेशन. कागदावर छापायचं, २०० अंशांच्या आसपास कॅलेंडरमधून, म्हणजे तापलेल्या रोलरखालून, कापडावर उतरवायचं. पाणी नाही, वाफ नाही, रंग झगझगीत. अट एवढीच की कापड पॉलिएस्टर आणि पांढरं किंवा अगदी फिकं असावं. खेळाच्या जर्सी करायच्या असतील तर दुसरं काही शोधत बसायचं कारण नाही.

वेगाचे आकडे कसे वाचायचे

एका प्लॅटनचं साधं डीटीजी यंत्र गडद शर्टाला तीन-चार मिनिटं घेतं. चढवणं-उतरवणं धरून ताशी बारा-पंधरा. फवारणी आणि प्रेस हा वेगळ्या माणसाचा वेळ. दोन प्लॅटनची औद्योगिक डीटीजी यंत्रं ताशी शंभराच्या पुढे जातात. कॉर्निट कंपनीच्या यंत्रांत तर द्रावणाची फवारणीही यंत्रातच होते, वेगळी सुकवावी लागत नाही. म्हणजे 'डीटीजी' आणि 'औद्योगिक' हे परस्परविरोधी शब्द नव्हेत.

ताग्याच्या यंत्रांचा वेग चौरस मीटरमध्ये सांगतात. हेड डावी-उजवीकडे धावणारी यंत्रं ताशी शंभर ते काही शे चौरस मीटर काढतात. २०११ मध्ये बार्सिलोनाच्या इत्मा या वस्त्रोद्योग यंत्रांच्या प्रदर्शनात इटलीच्या एमएस कंपनीने लारिओ हे सिंगल-पास यंत्र आणलं. त्यात हेड जागेवर स्थिर, कापड खालून एकदाच जातं, त्यामुळे वेग मिनिटाला कित्येक मीटर असा सांगावा लागला. ते रोटरी स्क्रीनच्या, म्हणजे फिरत्या जाळीदार नळ्यांनी होणाऱ्या घाऊक छपाईच्या, पातळीचं काम आहे आणि या लेखाच्या बहुतेक वाचकांना ते लागणार नाही.

आता तुलना करताना चूक कुठे होते बघा. टी-शर्टला साधारण एक चौरस मीटर कापड लागतं. ताशी २०० चौरस मीटरचं यंत्र म्हणजे ताशी २०० शर्ट, असं वाटतं. पण कटिंगमध्ये १५-२० टक्के कापड कात्रण म्हणून जातं, सुरुवातीचे काही मीटर रंग जुळवण्यात जातात, आणि हातात येतं ते कापड, शर्ट नव्हे. शिवाय डीटीजीवरचं चित्र ०.१४ चौरस मीटर असतं. छातीवरच्या एका चित्रासाठी अख्खा ताग्याचा पसारा मांडणं म्हणजे सातपट जागेची किंमत मोजणं. आणि वेग नेहमी तुमच्या दर्जाचा विचारा. माहितीपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा कमी पासांचा, म्हणजे एकाच जागेवरून हेड कमी वेळा फिरवल्याचा, असतो, त्यात गडद सपाट जमिनीवर आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात.

ताग्यावर छापताना शिवणीचं गणित

डीटीजीवाल्याला कापड आटण्याची काळजी फारशी नसते. ताग्यावर छापणाऱ्याला ती छपाईच्या आधीच करावी लागते. समजा वाफ-धुलाईनंतर कापड लांबीत ५ टक्के आटतं आणि शर्टाचा पुढचा भाग ७० सेंटिमीटर हवा आहे. तर फाइल ७३.७ सेंटिमीटरची हवी, कारण ७० भागिले ०.९५. इथे ७० मध्ये ५ टक्के मिळवून ७३.५ करणारे बरेच भेटतात. लांबी आणि रुंदीचे आकडे वेगळे असतात, होजिअरीत तर रुंदी कधी वाढतेही. म्हणून प्रत्येक दर्जाच्या कापडावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन छापून पूर्ण साखळीतून काढावा आणि मग मोजावा.

चिकट पट्टा कापडाला सरळ धरतो, पण वाकडं बसलेलं कापड तो वाकडंच धरतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तिरका गेला की पट्टे आणि चौकडी शिवणीत जुळत नाहीत. होजिअरी ताणून चढवली तर छापल्यावर सैल होते आणि गोल अंडाकृती होतात. पट्ट्यावर लिंट, म्हणजे कापडाचे सुटे तंतू, साचली की पकड सुटते, कापडाचा काठ उचलला जातो आणि हेडला घासतो. हेड खराब होण्याचं हे नेहमीचं कारण आहे, शाई नव्हे.

गडद जमिनीच्या होजिअरीला आणखी एक अडचण. रंग वरच्या बाजूलाच जास्त असतो, आतून कापड पांढरट. लेगिंग ताणली की गुडघ्यावर पांढरी रेष दिसते. कॉलर, बाही दुमडली की उलटी बाजू दिसते. अशा मालाला धाग्यापासून रंगवलेलं कापड आणि त्यावर डीटीजी हेच बरं.

कोणाला काय

ऑर्डर एक-दोन नगांची, चित्र रोज नवं, माल तयार सुती शर्ट: डीटीजी. त्यातही गडद शर्ट थोडे आणि कापड मिसळीचं असेल तर डीटीएफ बघावं, ज्यात फिल्मवर छापून, चिकट पावडर टाकून, प्रेसने उतरवतात. फवारणी वाचते, पण मोठ्या सलग चित्रात छातीवर प्लास्टिकसारखा थर जाणवतो. अंगभर छपाई, साड्या, ओढण्या, पडदे, स्वतःचं शिवणकाम, एका डिझाइनचे काही शे मीटर: ताग्याचं यंत्र, धाग्यानुसार शाई ठरवून. एकाच चित्राचे दोन हजार शर्ट, तीन-चार सपाट रंग: दोन्ही डिजिटल यंत्रं बाजूला ठेवा, स्क्रीन प्रिंटिंग अजूनही स्वस्त आणि टिकाऊ आहे.

यंत्र ठरवण्याआधी स्वतःचं कापड घेऊन जा. विक्रेत्याकडचं नमुन्याचं कापड त्याच्या यंत्राला सोसणारंच असतं. फाइल अशी न्या जिच्यात सपाट काळी जमीन आहे, त्वचेचा रंग आहे, एक मिलिमीटरच्या उलट्या, म्हणजे गडद जमिनीत कोऱ्या सोडलेल्या, अक्षरांची ओळ आहे आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी छटा आहे. नमुने धुण्यासाठी आयएसओ १०५-सी०६ ने, घासण्यासाठी १०५-एक्स१२ ने, उन्हासाठी १०५-बी०२ ने तपासून घ्या. पहिल्या दोघांचे गुण ५ पैकी, उन्हाचे ८ पैकी असतात. ओल्या घासण्याचा गुण वेगळा मागा, अहवालात कोरड्याचाच आकडा ठळक दाखवण्याची पद्धत आहे. डीटीजीचा नमुना घरच्या यंत्रात पाच वेळा धुऊन, मग दोन्ही हातांनी ताणून बघा.

यंत्राच्या खोलीत तापमान २० ते २८ अंश आणि आर्द्रता ४५ ते ६० टक्के ठेवता येईल का हेही आधीच बघा, कोरड्या हवेत नोझल, म्हणजे हेडची बारीक छिद्रं, सुकतात आणि थेंब वाकडे उडतात. आणि प्रात्यक्षिक सकाळी, आदल्या दोन रात्री बंद ठेवलेल्या यंत्रावर मागा. सुरू केल्याबरोबर, सफाई न करता, नोझल तपासणीचा कागद काढायला सांगा. किती रेषा तुटल्या, त्या भरून यायला किती सफाया लागल्या आणि प्रत्येक सफाईत किती शाई गेली, ते लिहून घ्या.